५६२ रुपयाचा घाटा

माझ्या पहिल्या सरकारी कामात मला ५६२ रुपये घाटा आला. लाखाचा आला असता तर ठेकेदारी सोडली असती आणि नफा झाला असता तर काहीच शिकलो नसतो. पण ५६२ म्हणजे कसं झालं की धा महिने उन्हातान्हात गाडी पळवली, साहेबलोकांच्या टेबलापुढं उभं राहिलो आणि शेवटी खिशातून एका जोडप्याच्या जेवणाचे पैसे गेले. हा आकडा मी काढला नाही बरं का, बायकोनं काढला. ते पुढं सांगतो.

मी दारव्हा तालुक्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा केला, चार वर्ष यवतमाळात एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो, मग २०२१ पासून स्वतःचं, म्हणजे गावातली घरं, संडास, कोणाचं घरकुल, कोणाचा गोठा. पैसे येत होते जात होते, हिशोब डोक्यात. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या आणि त्या चिठ्ठ्या धुण्यात. तेव्हा वाटायचं आपलं बरं चालून राहिलं, कारण खिशात कधीही पाच-दहा हजार असायचे. ते पैसे कोणत्या घरमालकाचे, कोणाच्या लोह्याचे, कोणाच्या मजुरीचे हे मला सांगता आलं नसतं. एकाच्या अ‍ॅडव्हान्समधून दुसऱ्याचं सिमेंट, दुसऱ्याच्या स्लॅबच्या पैशातून तिसऱ्याची मजुरी. गावातले निम्मे ठेकेदार असेच चालतात आणि जोवर नवीन काम भेटत राहते तोवर चालतेही, ज्या महिन्यात नवीन काम भेटलं नाही त्या महिन्यात उघडं पडते.

तर २०२३ मध्ये शेजारच्या गावचा सिमेंट रस्ता निघाला. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड. रजिस्ट्रेशन काढलेलं होतं, डिजिटल सिग्नेचरची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली नवीन नवीन घेतली होती, हात शिवशिवत होते. इस्टिमेट साधारण ९ लाख ९ हजाराचं. एक जुना दोस्त म्हणे, "बारा टक्के खाली मार, नाहीतर भेटत नाही तुले." मारले बारा. भेटलं. ८ लाखात, वर १८ टक्के जीएसटी. पेढे वाटले मी! आता कळते की दरसूचीतल्या दरातच ठेकेदाराचा नफा धरलेला असतो आणि आपण बिलो, म्हणजे इस्टिमेटच्या खाली, जातो तेव्हा तोच नफा कामाआधी वाटून मोकळे होतो. बरं जास्त खाली गेलं की जादा सुरक्षा रक्कम भरा ती वेगळीच, तेही पैसे अडकले.

काम फेब्रुवारीत सुरू केलं. मार्चमध्ये होळीला मेळघाटातले कोरकू मजूर गावाकडं गेले, ते जाणारच, त्यांचा सगळ्यात मोठा सण, हे मला माहीत होतं तरी मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं. आठ दिवस मिक्सर उभा आणि ३१ मार्च तोंडावर. लोकलच्या पोट्ट्यांना जास्त रोज देऊन पूर्ण केलं. मोजमाप झालं, एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद झाली, बिल गेलं. मी घरी येऊन सांगितलं झालं बा, आता चेकच. बाबा कापूस साफ करून राहिले होते, मान वर न करता म्हणाले, "कापूस गाडीत भरला म्हणजे चुकारा भेटला असं रायते का?"

निधी नव्हता. कोणत्या कार्यालयाचं ते सोडा, सगळीकडं हेच आहे, राज्यभर ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली ती काही हौस म्हणून नाही. आज या उद्या या करत बिल निघालं ऑक्टोबरच्या शेवटी. मार्चच्या शेवटी मी सावकाराकडून ३ लाख उचलले होते, महिन्याला शेकडा तीन रुपयानं. दोन लाख सिमेंटवाल्याला आणि गिट्टीवाल्याला दिले आणि एक लाखाच्या आसपास गेले जीएसटीत. हो, बिल भेटलं नव्हतं तरी. कारण मी मार्चमध्येच टॅक्स इनव्हॉइस फाडून दिलं, ते रिटर्नमध्ये गेलं, एप्रिलमध्ये टॅक्स भरायची वेळ आली आणि पैशाचा पत्ता नाही. इनव्हॉइस कोणत्या तारखेला काढायचं हे करारनाम्यातल्या बिलाच्या अटी पाहून ठरते आणि ते काढायच्या आधी सीएला विचारायचं असते. मी काढून झाल्यावर विचारलं. सीए हसला फक्त. सात महिने गुणिले नऊ हजार, ६३ हजार व्याज.

मग ऑक्टोबरात पैसे आले ते किती? माझ्या डोक्यात ९ लाख ४४ हजार होते, ८ लाख आणि त्यावरचा १ लाख ४४ हजार जीएसटी. खात्यात पडले ८ लाख ७२ हजार. मी बँकेच्या पायरीवर बसून मेसेज तीनदा वाचला. कटले ते असे: इन्कम टॅक्सचा टीडीएस (बिलातूनच आधी कापलेला टॅक्स) १ टक्का म्हणजे ८ हजार, जीएसटीचा टीडीएस २ टक्के म्हणजे १६ हजार (अडीच लाखाच्या वरच्या कामाला हा कटतोच), कामगार उपकर (सेस) १ टक्का ८ हजार आणि सुरक्षा ठेव ५ टक्के ४० हजार. गिट्टीच्या रॉयल्टीच्या पावत्या तेवढ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून तिथं वाचलो. यातला उपकर गेला तो गेला. बाकीचे पैसे आपलेच आहेत, फक्त ते आपल्याकडं नाहीत, आणि कुठं आहेत हे माहीत नसलं तर गेल्यासारखेच. जीएसटीच्या टीडीएसचे १६ हजार माझ्या नावानं पोर्टलवर वर्षभर पडून होते, कारण तिथं जाऊन ते आधी स्वीकारावे लागतात मग ते आपल्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्यात, येतात, मला वाटलं सरकार आपोआप देते. इन्कम टॅक्सचे ८ हजार रिटर्न भरल्यावर परत आले, ४४एडी या कलमाखाली. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येते, माझं उत्पन्न टॅक्सच्या लिमिटमध्ये येतच नव्हतं. रिटर्न भरलंच नसतं तर तेही गेले असते.

आता सिमेंट. ९० घनमीटर काँक्रीट, एम-२० मजबुतीचं, घनमीटरला ८ थैल्या म्हणजे ७२० थैल्या. दुकानदार म्हणे पक्क्या बिलात ३५०, कच्च्या चिठ्ठीवर ३४० नं देतो. मी हुशार! निम्म्या, म्हणजे ३६० थैल्या, चिठ्ठीवर घेतल्या आणि ३,६०० रुपये वाचवले. तेव्हा सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे ३५० मधले साधारण साडेशहात्तर रुपये टॅक्सचे, पक्कं बिल असतं तर ते माझ्या भरायच्या टॅक्समधून वजा झाले असते. ३६० थैल्यांचे २७,५६२. ३,६०० वाचवायला २७,५६२ घालवले आणि वरून ते कामही दोन नंबरचं. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवर १८ टक्केच आहे, पण गणित तेच राहते. थैली पक्क्या बिलाचीच घ्यायची.)

बायको बारावी आहे, एमएससीआयटी झालेली, पोराच्या दोनशे पानी वहीत मागच्या बाजूनं ती किराणा लिहायची. बिल आल्यावर मी म्हटलं नव्वद हजार तरी सुटले असतील, सेस-बिस धरून. ती म्हणे मग ते दाखवा. मी चिठ्ठ्या, यूपीआयची हिस्टरी, दुकानदाराच्या वह्या सगळं काढलं, दोन रात्री लागल्या. ९० हजारातून ६३ हजार व्याज, उरले २७ हजार. त्यातून २७,५६२ गेले, जे टॅक्स म्हणून उगाच जास्त भरले. ती पेन ठेवून म्हणाली, "पाचशे बासष्ट तुम्हीच सरकारले देले." माझी मजुरी त्यात धरलेलीच नव्हती.

त्या रात्रीपासून जे बदललं ते एकदम नाही बदललं, हे आधीच सांगतो. करंट खातं वेगळं काढायलाच दोन महिने लागले, कारण सवय. पण वही सुरू झाली. एक काम एक पान, खरं म्हणजे सात-आठ पानं, पण पहिलं पान फिक्स. वरती काम, ऑर्डरची तारीख, रक्कम. खाली तिनं खाना पाडला, त्याचं नाव ठेवलं 'हातात'. बिलातून काय काय कटणार, कटलेलं परत कधी येणार, कोणाकडं अर्ज करायचा, तारीख. टेंडर भरायच्या आधी आता हे पान भरलं जाते. बिल सहा महिने आलं नाही तर व्याज किती, तेही तिथंच लिहायचं, ते लिहिल्यावर बारा टक्के खाली जायची हिंमत आपोआप होत नाही. एक्सेलही आहे, मोबाइलमध्ये खातेवहीचं अ‍ॅपही टाकलं, उधारीवाल्याला मेसेज जाते ते बरं पडते. पण साईटवर धूळ, हाताला सिमेंट, तेव्हा वहीच. संध्याकाळी मी बोलतो ती लिहिते. ज्या दिवशी लिहिलं नाही त्या दिवशीचे दोन-चारशे रुपये सापडतच नाहीत, मग मी ते चहापाणी म्हणून सांगतो आणि ती माझ्याकडं पाहते.

मटेरियल मोजायचं म्हणजे महागडं मशीन लागत नाही. माझ्या गाडीच्या डिक्कीत टेप, वजनकाटा आणि एक कागद. कागदावर लोह्याचं वजन: सळाखीचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, आलं मीटरचं वजन किलोत. ८ ची ०.३९५, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८८. १२ एमएमची १२ मीटरची सळाख १०.६६ किलो. सळाखी मोजायच्या, गुणायचं आणि दुकानदाराच्या बिलातल्या वजनाशी लावायचं, थोडं कमीजास्त चालते, त्याला सळाखीच्या सरकारी मानकातच सूट आहे. पण एकदा माझं ५० सळाखीचं वजन ५३३ यायला पाहिजे होतं आणि बिलात ५८० लिहिलेलं. धर्मकाट्यावर नेतो म्हटलं तर दुकानदारानंच बिल दुरुस्त करून दिलं. भांडण नाही काही नाही, चहा पाजला उलट.

रेतीचं तसंच. ट्रॉलीवाला म्हणते एक ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट भरलेली, झाले ९० घनफूट. दहा ट्रॉल्यांत एक ब्रास त्याच्याकडं राहिली. वरचा ढीग दाखवून तो सांगते मोप आहे, तर ढीग फावड्यानं पसरवून मग टेप लावायचा. पहिल्या दिवशी वाईट वाटते त्याला, दुसऱ्या दिवसापासून भरून आणते.

मजुरांचं मात्र मापात बसत नाही. मिस्त्री ७०० रोज, कुली ४५०, रेजा ३००. (बायांना कमी काहून, हा प्रश्न बायकोनं वहीतच विचारला, रोज डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईला कुलीपेक्षा दीडशे कमी. आता निदान ३५० केले, बाकी ठेकेदार माझ्यावर चिडले.) हजेरी सकाळी मोबाइलवर फोटो काढून, खर्ची (हातखर्चाचे पैसे) बाजाराच्या दिवशी, पूर्ण हिशोब पंधरा दिवसानं. पोट्ट्यांना यूपीआय चालते, बायांना रोखच पाहिजे, कारण खात्यातले पैसे नवऱ्याच्या मोबाइलवर दिसतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका बाईनं हळूच सांगितलं. उचल हा वेगळाच विषय. पोळ्याला, होळीला, पोराच्या शाळेला मजूर उचल मागतो, दिली पाहिजे, नाही दिली तर माणूस टिकत नाही, पण तिचंही पान ठेवायचं आणि दर हिशोबात थोडी कापायची. मी एका मिस्त्रीला १८ हजार दिले, लिहिले नाही, तो म्हणे १२ होते. खोटं बोलला असं नाही म्हणत मी. त्यानंही लिहिले नव्हते.

खाजगी घराच्या कामात कटौती नाही, टेंडर नाही, पण तिथं दुसराच रोग. एका रिटायर गुरुजींचं ९०० फुटाचं घर, २८० रुपये फूट लेबर रेट, २ लाख ५२ हजार. गुरुजी रोज खुर्ची टाकून बसायचे. "बेटा, एवढा ओटा वाढव." वाढवला. "बेटा, पाण्याचं टाकं इथंच करून टाक." केलं. पॅरापेट एक फूट उंच, देवघराला कोनाडा, गेटाचे दोन पिल्लर. शेवटी मी जास्तीच्या कामाचे ३१ हजार सांगितले तर गुरुजी खरंच दुखावले. "मी तर तुले पोरासारखं समजलो आणि तू मले हिशोब दाखवतं?" पंधरा हजारावर मिटलं. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं, काय बोलणार. आता जास्तीचं काम निघालं की मी तिथंच उभ्याउभ्या व्हॉट्सअ‍ॅप करतो, 'काका, ओटा वाढवायचा म्हणता, साडेचार हजार लागतील, करू का?' आणि अंगठा आला की करतो. नाही आला तर ओटा तेवढाच राहते. अर्धे लोक तर रक्कम वाचून म्हणतात राहू दे.

आणि हप्ते. सुरुवातीला १० टक्के, प्लिंथला २०, सज्ज्याला २०, स्लॅबच्या आदल्या दिवशी २५, प्लास्टरला १५, फरशीला ७ आणि शेवटचे ३. स्लॅबच्या आदल्या दिवशी हे महत्त्वाचं. त्या दिवशी मालक खुश असतो, पाहुणे बोलावलेले असतात, दुसऱ्या दिवशी पंगत असते, पैसे बँकेतून काढून ठेवलेले असतात. स्लॅब पडला की मालकाला वाटते घर झालं. शेवटचे ३ टक्के बुडाले तरी रडायचं नाही असं ठरवूनच ३ ठेवले. घरकुलाचं काम मी अजूनही घेतो पण मोजून. पैसे हप्त्याहप्त्यानं येतात आणि पुढचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात पडला नाही तर त्या गरिबाच्या दारात उभं राहायची लाज आपल्यालाच वाटते. एकाच वेळी दोनच.

मिक्सर घेतला तेव्हा पुन्हा वहीच कामी आली. भाड्याचा एक थैलीचा मिक्सर दिवसाला १,५०० नं पडायचा, मला वाटायचं स्वतःचा घेतला की सगळं वाचलं. बायकोनं मागच्या वर्षाचे दिवस मोजले तर मी मिक्सर फक्त ४१ दिवस वापरला होता. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत ट्रॅक्टरच जात नाही तर मिक्सर काय जाणार, पायाचे खड्डे ढासळतात, पाणी भरते. दिवाळीच्या आसपास बाया कापूस वेचायला जातात, आपल्या ३५० पेक्षा वेचणीत जास्त सुटते त्यांना, त्यात चूक काहीच नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढं, काम सकाळी सहा ते अकरा आणि क्युरिंगला पाणी टँकरचं. म्हणजे वर्षात धड चालणारे महिने पाचेक. मग मिक्सर नवा नाही घेतला, सेकंडहँड घेतला आणि त्यासोबत सेंट्रिंगच्या ३ बाय २ च्या २०० प्लेटा घेतल्या. प्लेटा मिक्सरपेक्षा जास्त कमावतात, त्यांना डिझेल लागत नाही आणि माझं काम नसलं तर दुसऱ्याच्या स्लॅबखाली जाऊन बसतात. मोजून देणं आणि मोजून घेणं तेवढं करायचं, प्लेटला पाय फुटतात.

सावकार सुटला तो मुद्रा कर्जामुळं. दोन वर्षांचे रिटर्न, उद्यम नोंदणी (ही पोर्टलवर फुकट होते राजेहो, मी एकाला दीड हजार दिले होते) आणि करंट खात्याची उलाढाल घेऊन बँकेत गेलो. मुद्राच्या किशोर गटात ५ लाखापर्यंत बसते, मला ४ लाखाची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट भेटली. मॅनेजरनं पहिल्या दिवशी पासबुक पाहून परत पाठवलं होतं, कारण त्यात किराणा, पोराची फी, सिमेंट, बहिणीला पाठवलेले पैसे सगळं एकत्र होतं. सहा महिने वेगळं खातं चालवून परत गेलो तेव्हा झालं. सीसीत वापरलं तेवढंच व्याज लागते, बिल आलं की पहिले तिथं भरायचं. यात गाडीचा हप्ता भरायचा नाही. मी एकदा भरला.

मागच्या महिन्यात एक सभामंडप निघाला होता. पान भरलं, बायकोनं खालचा आकडा पाहिला आणि वही माझ्याकडं सरकवली, बोलली काही नाही. मी चार टक्के खालीच भरलं. दुसऱ्याला गेलं, अठरा टक्के खाली. त्याच दोस्ताला, ज्यानं मला बारा मारायला सांगितलं होतं.

आणि त्या रस्त्याच्या सुरक्षा ठेवीचं राहिलं. ४० हजार. दोन वर्षांचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर आपल्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत, मार्च २०२५ मध्ये संपला, मी साफ विसरलो होतो, वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती म्हणून अर्ज केला. जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेब पाहायला आले, हँडपंपाजवळ आडवी भेग दाखवली. बरोबर होतं त्यांचं, तिथं सांधा कापायचा राहिला होता, होळीनंतरच्या घाईत. ४ थैल्या सिमेंट, मिस्त्री, एक कुली आणि कटर मशीनचं भाडं, मिळून २,९०० लागले. महिन्याभरानं ठेव खात्यात आली. संध्याकाळी बायकोनं ते जुनं पान काढलं, २,९०० तिथं लिहिले, ५६२ खोडलं आणि खाली ३,४६२ लिहून ठेवलं.